आप्पांना न मिळालेली सुई

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. मी कवठे येमाईच्या शाळेत शिकवत होते, नवरा दौंडला रेल्वेत होता, आणि पहिलं बाळंतपण म्हणून मी शिरूरला आईकडे आले होते. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बहुतेक बाया घरीच बाळंत व्हायच्या. पण माझ्या नवऱ्यानं हट्टच धरला होता की दवाखान्यातच जायचं. गावात एक डॉक्टरीणबाई होत्या. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी प्रसूतिगृह थाटलं होतं. आत चार खाटा, बाहेर व्हरांडा.

सकाळी कळा सुरू झाल्या म्हणून गेलो. दुपारपर्यंत त्या वाढायच्या सोडून मंदावत चालल्या. मी थकून गेले होते. आईचा धीर सुटला.

"बाई, हिला ती कळांची सुई द्या की. आमच्या शेजारणीला दिली, तर लगीच मोकळी झाली."

डॉक्टरीणबाईंनी माझं पोट चारही बाजूंनी चाचपलं. पितळी नळीचं एक तोंड पोटावर टेकवून दुसऱ्याला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या.

"औषध देते, पण सुई नाही," त्या म्हणाल्या. "एकदम टोचलं की ते परत काढून घेता येत नाही. सलाईनमधून थेंबथेंब देऊ. कळा जास्त झाल्या तर लगेच बंद करता येतं."

बाटली टांगली गेली. नर्सला सांगून निघून जातील असं मला वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिथंच बसल्या. कळ यायची तसा त्यांचा हात घट्ट व्हायचा, गेली की सैल. मधूनच त्या थेंब कमी करत, पुन्हा नळी लावून बाळाचे ठोके ऐकत. मला आधी नुसतं दुखत होतं. आता त्या दुखण्याला चाल आली. कळ यायची, चढायची, उतरायची, आणि मध्ये मला श्वास घ्यायला जागा मिळायची. एका बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधानं माझं थकलेलं शरीर पुन्हा कामाला लावलं होतं, याचं मला त्या अवस्थेतही नवल वाटलं.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. मांडवगण फराट्याकडचे एक आप्पा आले होते. मोठे बागायतदार, सोसायटीत वजन असलेले. माझ्या आडोशाला पडदा होता, पण बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"बाई, सून कालधरनं अडलीय. ती कळांची सुई तेवढी द्या. आमच्या गावचा कंपाउंडर टोचतो."

"सुई घरी नेऊ देत नाही, आप्पा. सुनेला इकडं आणा."

"आमच्या घरातल्या बाया दवाखान्यात आल्या न्हाईत कवा."

"मग आता येतील."

"जरा भाईर तर या! मी कोण हाय ते ठावं न्हाई का तुमास्नी?"

"ठाऊक आहे. पण माझा हात या बाईच्या पोटावर आहे आणि वर औषध चालू आहे. मी उठणार नाही." आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "मूल कसं आहे, आडवं की उभं, हे न बघता ती सुई टोचली, तर पिशवी फाटते, आप्पा. जीप आहे ना? जा, घेऊन या तिला."

व्हरांड्यातून पावलं उतरत गेल्याचं ऐकू आलं. मग जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

ऊन कलायच्या आत माझी मुलगी झाली. वार पडली तरी रक्त थांबेना. आईचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरीणबाईंनी आता मात्र क्षणभरही वाट पाहिली नाही. मूल बाहेर आलं होतं, आता सुईनं पिशवी फाटायची भीती नव्हती. रक्त थांबवायच्या दुसऱ्या एका औषधाची सुई टोचली आणि पोट चोळत राहिल्या. थोड्याच वेळात त्यांनी माझाच हात धरून बेंबीखाली ठेवला.

"हाताला लागतंय? पिशवी नारळासारखी घट्ट झाली बघ. आता काळजी नाही."

माझ्या हाताला ते लागलं. त्या कठीण गोळ्याला हात लावून मी रडले.

आप्पांची सून आली तेव्हा मी शेजारच्या खाटेवरच होते. माझ्यापेक्षाही लहान पोरगी. ओठ सुकलेले. आईनं तिला पाणी पाजलं. आमच्या हातचं पाणी म्हणून तिच्या घरच्या कुणी अडवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि आप्पांना आत बोलावलं.

"मूल आडवं आहे. ऑपरेशनशिवाय सुटका नाही, आणि ते इथं होत नाही. असंच पुण्याला न्यायचं. चिठ्ठी देते, नर्स सोबत देते."

"बाई, पोरगी वाचंल का?" आप्पांचा आवाज पार बदलला होता.

"अजून वेळ गेलेली नाही. निघा."

मला घरी सोडायच्या दिवशी आप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. सून आणि नातू दोघं सुखरूप होते. डोक्यावरची टोपी हातात घेऊन ते उभे राहिले.

"पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ती सुई टोचली असती तर दोघंबी गेली असती. मी त्या दिवशी लय बोललो तुमाला, बाई."

"बोललात. पण जीपही काढलीत," त्या म्हणाल्या. "घरी हेका धरून बसला असतात तर मी काय करणार होते?"

आप्पा पेढा द्यायला माझ्या आईकडे वळले. मुलीला बघून म्हणाले, "आमच्या नातवाची मैतरीण हाय ही. एका दिसाची."

पुढं आप्पांनी गावातल्या कंपाउंडरला ती सुई ठेवायला बंदीच केली, असं नर्सनं मला सांगितलं. आणि मी मुलीला डोस द्यायला त्याच दवाखान्यात जायची, तेव्हा बऱ्याचदा ती जीप दारात उभी दिसायची. कधी आप्पांच्या भावकीतली बाई उतरायची, कधी त्यांच्या शेतावरच्या मजुराची बायको.