थ्रॉलबाईंचा मुळ्यांचा अर्क

एल्म मिल्समध्ये दारूचा थेंब मिळत नाही, असं आम्ही बाहेरगावच्या माणसांना छाती पुढे काढून सांगायचो. हे सगळं केझिया थ्रॉल यांचं कर्तृत्व. गावातलं एकुलतं एक दुकान माझ्या नवऱ्याचं, ओबेदचं होतं आणि थ्रॉलबाईंचं घर आमच्या अगदी शेजारी. त्यामुळे मी सांगते आहे ते ऐकीव नाही. त्यांच्याबद्दल गोड बोलायची मला इच्छा नाही. माझ्याबद्दलही नाही.

त्या लग्न होऊन लांबच्या परगण्यातून इथे आल्या. नवरा एका डिसेंबरात पिऊन तर्र होऊन गोठलेल्या नदीवरून घरी निघाला आणि बर्फ फुटून आत गेला. सापडला तो एप्रिलमध्ये. तेव्हापासून बाई हात धुऊन दारूच्या मागे लागल्या. गावच्या गुत्त्यापुढे बर्फात गुडघे टेकून आम्ही बायका त्यांच्यामागे स्तोत्रं म्हणत बसायचो. आत जाणाऱ्याला आमच्या अंगावरून जावं लागे, आणि आमच्यात कुणाची तरी बायको, कुणाची तरी सासू असायचीच. एका हिवाळ्यात गुत्ता बंद पडला.

मग प्रार्थनाघरात दारू न पिण्याच्या प्रतिज्ञेची वही आली. प्रत्येकाने सगळ्यांसमोर तिच्यात सही करायची. जो प्रतिज्ञा मोडेल त्याचं नाव रविवारी थ्रॉलबाई मोठ्याने वाचत आणि लाल शाईने खोडत. लोहाराचं नाव असं खोडलं गेलं. त्याच्याशी कुणी बोलेना, तेव्हा तो बिऱ्हाड आवरून निघून गेला. त्यानंतर घोड्याला नाल मारायला सहा मैल जावं लागायचं, पण आम्ही खूश होतो.

बाईंच्या पोटात गोळा यायचा, हात थरथरायचे. डॉक्टर मॅकाल्पिननी त्यांना तळलेलं डुकराचं मांस कमी करा आणि रोज चाला, एवढंच सांगितलं. डॉक्टरांच्याच तोंडाला सदा व्हिस्कीचा वास, त्यामुळे बाईंनी तो सल्ला कानाआड केला. आमच्या दुकानात फुकट पंचांग यायचं, त्यातल्या जाहिरातीत त्यांना डॉक्टर लॉरिमर यांचा औषधी मुळ्यांचा कडू अर्क सापडला. दाढीवाल्या लॉरिमरचं चित्र होतं आणि खाली यकृत, मज्जातंतू, बायकांची दुखणी, उदासी, सगळ्यावर एकच इलाज. जेवणाआधी एक चमचा.

चमच्याचा पुढे चहाचा कप झाला. तिसऱ्या वर्षी आठवड्याला तीन बाटल्या लागायला लागल्या. कप घेतला की गाल लाल व्हायचे, आवाज खुलायचा आणि पाऊण पाऊण तास प्रार्थना चालायची. दुपारपर्यंत कप मिळाला नाही तर सुई धरवत नसे. "बघ लविनिया," त्या मला म्हणायच्या, "औषध चुकलं की दुखणं कसं उसळतं ते."

एका दुपारी ओबेदने मागच्या खोलीत बशीत चमचाभर अर्क ओतला आणि काडी लावली. निळी ज्योत उठली. तो खोकला लागेपर्यंत हसला. "गुत्ता बंद केला म्हणे बाईंनी," तो म्हणाला. "अगं, तो तर आपल्या फळीवर आहे." मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं. खप होता हे खरं, पण तेवढंच नव्हतं. चहाआधी दोन चमचे मीही घेत होते, मला ते आवडत होते, आणि वहीत माझंही नाव होतं.

थ्रॉलबाईंना एकच मुलगा, रूबेन. सतराव्या वर्षी आईशेजारी उभं राहून त्याने सही केली. मोठा झाल्यावर हिवाळ्यात उत्तरेला लाकूडतोडीच्या तळावर जाऊ लागला, आणि एका वसंतात पिऊन घरी आला. त्याचं नाव आईनेच वाचलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. दोन वर्षं दारूला शिवू नकोस, मग घरात घेईन, वहीतही नाव पुन्हा लिहीन, असं तिने त्याला सांगितलं. पोराने ते मनावर घेतलं. तळावरच्या पाद्र्याची पत्रं यायची, त्यातली दोन मी स्वतः वाचली आहेत. बावीस महिने तो दारूला शिवला नव्हता.

त्या जानेवारीत ओंडका निसटून त्याचा उजवा हात चिरडला. सोबत्यांनी दोन दिवस बर्फगाडीतून त्याला डॉक्टरांकडे आणला. डॉक्टरांनी आपल्या जेवणाच्या टेबलावर त्याची तीन बोटं कापली, आणि त्या वेळच्या रीतीप्रमाणे कापण्याआधी आणि नंतरही त्याच्या घशात ब्रँडी ओतली. त्यांच्या ब्रह्मचाऱ्याच्या खोलीत शुश्रूषा कोण करणार? ऊबदार खाट हवी, दर दोन तासांनी पोटीस बदलायला आई हवी, म्हणून ते स्वतः त्याला तिच्या दाराशी घेऊन आले. सकाळचे अकरा वाजले होते. मी आमच्या पायरीवरचं बर्फ झाडत होते.

थ्रॉलबाईंनी दार उघडलं. कप नुकताच झाला होता, गालांवरून कळत होतं. मुलाला जवळ घ्यायला त्या वाकल्या आणि तिथेच थांबल्या.

"तू प्यायला आहेस."

"आई, डॉक्टरांनी दिली. औषध म्हणून. माझी बोटं कापली गं."

"मीच ओतली त्याच्या घशात," डॉक्टर म्हणाले. "शिव्या द्यायच्या तर मला द्या बाई, पण आधी पोराला आत घ्या."

"चमच्यातून घेतली काय नि पेल्यातून घेतली काय, दारू ती दारूच. याच्या बापानेही पहिल्यांदा दुखण्यावर म्हणूनच घेतली होती." मग मुलाला म्हणाल्या, "वास गेला की ये."

दार लागलं. कडी सरकल्याचं मला ऐकू आलं.

डॉक्टरांचं नाक स्वतःच्याच वासाने मेलेलं, शिवाय असल्या बाटल्यांना ते कधी हातही लावत नसत. मला मात्र दहा पावलांवरून बाईंच्या तोंडाचा दालचिनी आणि स्पिरिटचा वास आला होता. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या ओठांवर होतं. मी म्हणाले, "आमच्याकडे आणा त्याला." आणि आपण किती मोठ्या मनाच्या, असं मला वाटलं.

आम्ही त्याला मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांमध्ये निजवला. तिथे शेगडीची ऊब पोचत नव्हती. दुसऱ्या दिवशी हात सुजला, तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत काळा पडला. मी रोज जाऊन बाईंना सांगायची. त्या एकच विचारायच्या, वास गेला का? कळ सोसवेना म्हणून डॉक्टर ब्रँडी देतच होते, तेव्हा वास कुठून जाणार. दोन वर्षं मूग गिळून बसलेली मी, नेमकी तिथे खरं बोलले. नाही म्हणाले.

चौथ्या दिवशी दुपारी रूबेनने मला जवळ बोलावलं आणि माझ्या तोंडावर श्वास सोडला.

"बघा ना काकू, अजून येतो का?"

"नाही रे," या वेळी मी खोटं बोलले.

"मग आईला सांगा."

मी शाल घ्यायला उठले. शाल अंगावर घेईपर्यंत तो गेला होता.

पुरल्यानंतर तिसऱ्या दिवशी थ्रॉलबाई दुकानात आल्या. मी एकटीच होते. त्यांची ती हनुवटीखाली नीट बांधलेली काळी टोपी पाहून माझं डोकं फिरलं. मला त्यांना मोडायचं होतं, माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर कोसळलेलं पाहायचं होतं. फळीवरची बाटली काढून मी त्यांच्यासमोर आपटली.

"यात काय आहे ठाऊक आहे थ्रॉलबाई? दारू आहे. त्याच्या पोटातल्या ब्रँडीइतकीच कडक. ओबेदने पेटवून पाहिली आहे."

त्यांनी हातमोजे काढले. एक एक बोट सोडवत, सावकाश.

"माझ्या बापाचा गुत्ता होता, लविनिया. दहाव्या वर्षापासून मी पिंपांना तोट्या लावल्या आहेत. पहिल्या चमच्यालाच मला कळलं होतं."

मी बाटलीवरचा हात काढून घेतला.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"झाली दोन वर्षं."

"म्हणजे त्या दिवशी पायरीवर उभी होतीस, तेव्हा तुला ठाऊक होतं."

मी हो म्हणाले.

"मी तुझ्याकडेच बघत होते. वाटलं, ही आता बोलेल. तू बोलली असतीस तर मला दार उघडावंच लागलं असतं."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. कापणारे हात टेबलावर टेकून त्या म्हणाल्या, "तीन दे."

मी तीन बाटल्या कागदात गुंडाळल्या आणि त्यांच्या टोपलीत ठेवल्या. त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या, आणि दर आठवड्याला त्यांच्या तीन बाटल्या मीच बांधून देत होते.