नशीबवान हरलेली

पात्रता फेरीचा शेवटचा सामना ती काल हरली होती, आणि आज सकाळपासून खेळाडूंच्या खोलीत बुटांच्या नाड्या बांधून बसली होती. टेनिसमध्ये अशा खेळाडूला 'लकी लूझर' म्हणतात. मुख्य स्पर्धेतल्या कुणी ऐनवेळी माघार घेतली, तर हरलेल्यांपैकी एकीला तिची जागा मिळते. आज त्या रांगेत ती पहिली होती.

मावशीने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिला हसू आवरलं नव्हतं. "नशीबवान हरलेली? अगं, मग आपल्या घरात सगळ्या त्याच की. तुझी आई, मी, तुझी धाकटी मामी तर पहिल्या नंबराची."

आईला विमानाची धास्ती होती, म्हणून गावोगाव बरोबर हिंडायची ती मावशी. तिने उभा जन्म हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढला, आणि निवृत्त झाल्यावर भाचीच्या खांद्याला वाहून घेतलं.

लहानपणी भाची पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर चेंडू मारायची. भिंत हरायची नाही आणि ही हटायची नाही. पुढे शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या, एक लग्न ठरता ठरता राहिलं. एक वर्ष मात्र सोन्यासारखं आलं. जगातल्या पहिल्या शंभरांच्या दारापर्यंत ती पोचली. विमानतळावर एका अनोळखी बाईने सही मागितली आणि पेन हिच्याच हातात विसरून गेली. त्याच हिवाळ्यात खांदा गेला. नंतरची सगळी वर्षं त्या दाराकडे परत सरपटत जाण्यात गेली. हॉटेलांच्या खोल्या इतक्या सारख्या, की सकाळी जाग आली की न्हाणीघर कुठल्या हाताला हे आधी आठवावं लागायचं.

गेल्या वर्षी याच स्पर्धेत ती दोन फेऱ्या जिंकली होती. क्रमवारीचे ते गुण वर्ष उलटलं म्हणून आता गळणार होते. आज उतरायला मिळालं आणि एक सामना जिंकला, तर वर्ष निभावणार होतं. नाहीतर क्रमवारीत ती इतकी घसरणार होती, की पात्रता फेरीतही कुणी उभं केलं नसतं. पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला हा खांदा पुरणार नव्हता. म्हणजे संपलंच.

तोवर काम एकच, वाट बघायची. कुणाचा तरी पाय मुरगळावा, कुणाचं तरी पोट बिघडावं, कुणाला तरी ताप भरावा, असं मनात धरून बसायचं. खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकीची चाल ती न्याहाळत होती. स्वतःची शिसारी यायची, आणि तरी नजर पुन्हा पायांकडेच जायची.

"खा काहीतरी," मावशी म्हणाली.

"नको. नाव पुकारलं तर जड व्हायला नको."

"सकाळपासून हेच चाललंय. उपाशी पोटी काय वारा खाऊन खेळणारेस?"

दुपारी एक कोवळी पोर लंगडत आत आली आणि समोरच्या बाकावर बसली. सरावात पाय मुरगळला होता. तिचा बाप फिजिओला शोधायला पळाला होता, आणि सामना तोंडावर आला होता. पोर आवाज न करता रडत होती.

मावशी उठलीच. "बघू गं."

"मावशी," ती हळूच म्हणाली, "फिजिओ येईल ना आत्ता."

"येईल तेव्हा येईल. तोवर पाय काय त्याची वाट बघत सुजायचा थांबणारे?"

मावशीने पोरीचा पाय मांडीवर घेतला. बोटांनी घोटा चाचपला, इकडे वळवला, तिकडे वळवला. भाची मावशीच्या तोंडाकडे डोळे लावून बसली. मावशीचा चेहरा सैल पडला, आणि तिला कळलं की पायाला फारसं काही झालेलं नाही. तिने बुटाची नाडी सोडली.

"खेळता येईल का हो, आजी?" पोरीने विचारलं.

"दुखेल थोडं. घट्ट बांधून देते. मग तुझं तू ठरव."

पोरीने नाक पुसलं आणि हिच्याकडे वळली. "ताई, मी लहान असताना तुमचा खेळ टीव्हीवर पाहिलाय. तुम्ही माझ्या जागी असतात तर खेळला असतात?"

कोण रांगेत पहिली आहे, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. मावशीचे हात घोट्यावर थांबले. ती भाचीकडे बघत राहिली.

भाची स्वतः मोडक्या बोटाने खेळली होती. तापात खेळली होती. खांद्यात सुई टोचून घेऊन खेळली होती.

"नसते खेळले," ती म्हणाली. "तुझ्यापुढे अख्खं आयुष्य पडलंय. एका सामन्यासाठी पाय कशाला घालवतेस?"

पोरीने मान हलवली. मोठ्या बहिणीचं ऐकावं तशी ती उठली, एका पायावर तोल सावरत स्पर्धेच्या अधिकारी बाईंच्या टेबलाशी गेली आणि माघार घेऊन बापाला शोधायला निघून गेली.

खोलीत आता दोघीच होत्या. मावशीने उरलेली पट्टी गुंडाळली, ती सुटली, परत गुंडाळली.

"खेळू शकली असती ती पोर," मावशी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग ठीक आहे. माहीत नसतं तर समजावलं असतं."

तिचं नाव पुकारलं गेलं. हातातोंडाशी आलेला घास होता, आणि तोंडाला कोरड पडली होती. मैदान लहानच होतं, खुर्च्या निम्म्या रिकाम्या. नाणं उडवलं, सर्व्हिस तिची आली. तिने कुंपणापलीकडे मावशीला शोधलं. मावशी आली होती, पण एकटी नव्हती. शेजारी ती पोर होती, बर्फाची पिशवी बांधलेला तिचा पाय मावशीच्या मांडीवर होता. पंचांनी नाव जाहीर केलं तेव्हा तुरळक टाळ्या पडल्या. पोर मात्र जीव तोडून टाळ्या वाजवत होती. तिचं बघून आजूबाजूच्या दोघातिघांनीही वाजवल्या. मावशीचे हात पायावरच होते.

तिने चेंडू वर फेकला. तो वर गेला आणि खाली येऊ लागला, पण रॅकेट उचललीच गेली नाही. चेंडू तिने हातात झेलला, मान खाली घालून समोरच्या खेळाडूची माफी मागितली, आणि पुन्हा फेकला.