मामींचं ‘गो अँड कम’

जगात इंग्रजी बोलणाऱ्या बायका पुष्कळ असतील, पण इंग्रजीला वऱ्हाडात घर बांधून देणारी बाई एकच झाली आणि ती माझ्या बायकोची मामी आहे. अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर बायका देवदेव करतात, पापड लाटतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. मामींना लेकरू नाही, त्यामुळे सून नाही, आणि मामा जाऊनही बरीच वर्षं झाली. मग त्यांनी एक लॅपटॉप घेतला आणि थेट कोरियातल्या लोकांना इंग्रजी शिकवायला घेतलं. शिकवणीची कंपनी बंगलोरची, विद्यार्थी कोरियाचे, मास्तरीण अमरावतीची आणि लॅपटॉप रुसला की धावत जाणारा जावई अकोल्याचा. तो मी. जुन्या शहरात माझं बियाण्यांचं दुकान आहे आणि मला लॅपटॉपमधलं फक्त बंद करून पुन्हा सुरू करणं येतं. आजवर तेवढ्यावर भागलं आहे.

मामींचा सिद्धांत असा की इंग्रजी ही एक भाषाच नव्हे. दर बारा कोसांवर पाणी बदलतं तसं तेही बदलतं. लंडनचा माणूस पाहुणचार आटोपला की हवापाण्यावर बोलत बोलत दाराकडे सरकतो. अमेरिकेचा ‘सी यू लेटर’ म्हणतो आणि वर्षभर तोंड दाखवत नाही. ऑस्ट्रेलियाचा माणूस घराला आग लागली तरी ‘नो वरीज’ म्हणेल. आणि अमरावतीचा माणूस ‘डू वन थिंग’ अशी सुरुवात करून समोरच्याला चार कामं सांगतो. हे सगळं त्या कोरियन मंडळींना समजावून सांगतात, कोण कुठे काय म्हणतं ते नकलेसकट करून दाखवतात, आणि शेवटी माझ्याकडे वळतात. “तुमचं अकोल्याचं इंग्रजी त्याहून न्यारं, जवाईबापू. सिट नो, ईट नो, टेल नो. प्रत्येक वाक्याले शेपूट.” मी अकोल्याची बाजू घ्यायचा प्रयत्न एकदाच केला. त्यावर मामी म्हणाल्या, “राहू द्या नो.” तेव्हापासून मी गप्प असतो.

मामींच्या वर्गाची सुरुवात ‘गुड इव्हिनिंग’ने होत नाही. ‘हॅव यू ईटन?’ने होते. वऱ्हाडात माणूस भेटला की जेवले काय, हे विचारल्याशिवाय दुसरा विषय काढत नाहीत, मग तो माणूस हॉटेलातून ढेकर देत बाहेर येत असला तरी. कंपनीच्या पोरीने बंगलोरहून कळवलं, मॅम, विद्यार्थ्यांना असे खासगी प्रश्न विचारू नका. मामींनी तिला फोन लावून विचारलं, तू जेवली काय. ती नाही म्हणाली. मग अर्धा तास मामींनी तिला उपाशीपोटी काम करण्याचे तोटे सांगितले आणि मूळ विषय राहूनच गेला.

विद्यार्थ्यांची मात्र तक्रार नव्हती. बुसान नावाच्या बंदराच्या गावी नळाच्या तोट्या, खिळे, कड्या विकणारे एक किम नावाचे गृहस्थ आहेत. दुकान बंद करून ते रात्री आठला वर्गाला बसतात; तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार, चहाची वेळ. पहिल्याच दिवशी मामींनी ‘हॅव यू ईटन?’ विचारलं तर त्या माणसाचा चेहरा उजळला. म्हणाले, आमच्याकडेही लोक भेटले की हेच विचारतात. मामींना गहिवरूनच आलं. त्या दिवसापासून ते किमभाऊ झाले. “हे लोक मूळचे आपल्याकडचेच,” मामींनी मला समजावलं. “कापसाच्या भावाले कटाळून पुढं निघून गेले असतील.” किमची म्हणजे पत्ताकोबीचं लोणचं, हा पुरावा त्यांना पुरेसा वाटतो.

पण मामींची खरी ओळख वर्गाच्या शेवटी पटते. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. हे सगळेच पाळतात, मामी मात्र राबवतात. गॅसचं सिलिंडर आणणाऱ्याने ‘जातो बाई’ म्हटलं म्हणून त्याला फाटकापासून परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावलेलं मी पाहिलं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडून निघालो, स्कूटर सुरू केली आणि ‘निघतो मामी’ म्हणालो. त्यांनी स्कूटर बंद करायला लावली. “निघतो म्हणजे काय? निघून कुठं जाता? येतो म्हणा.” ही शिस्त त्यांच्या इंग्रजीतही उतरली. एकदा शाळेत बाहेरगावचे एक साहेब तपासणीला आले होते. मामींचा तास संपला, त्यांनी पर्स उचलली, साहेबांना नम्रपणे ‘आय अॅम कमिंग, सर’ म्हणाल्या आणि घरी निघून गेल्या. साहेब वर्गात वाट पाहत बसले. शिपायाने खोल्यांना कुलपं लावायला घेतली तेव्हा कुठे उठले. मामींना आजही यात साहेबांचीच चूक दिसते. “मी काय जाते म्हणू? भरल्या शाळेत?”

कोरियन लोकांसाठी त्यांनी याचं ‘गो अँड कम’ केलं. वर्ग संपला की मास्तरीण म्हणणार ‘गो अँड कम’ आणि विद्यार्थी म्हणणार ‘आय विल गो अँड कम’. कंपनीने कळवलं, असं जगात कोणी बोलत नाही. किमभाऊंनी सांगितलं, आमच्या घरातून बाहेर पडताना आम्ही अगदी असंच बोलतो, जाऊन येतो. झालं, मामींच्या लेखी जग संपलं आणि निकाल लागला.

अशी ही कोणालाही न जुमानणारी बाई मी एकदाच कचरलेली पाहिली.

किमभाऊंची एकुलती एक मुलगी कॅनडात शिकायला गेली होती. तिने तिकडच्याच मुलाशी लग्न ठरवलं. तिकडे म्हणे जेवणाच्या वेळी मुलीच्या बापाने उभं राहून दोन शब्द बोलायचे असतात. किमभाऊ इंग्रजी शिकत होते ते यासाठीच. सगळी व्याही मंडळी इंग्रजी बोलणारी; आपण चुकलो तर लोक हसतील आणि मुलीला खाली बघावं लागेल, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. हे त्यांनी सांगितलं त्या दिवशी मी तिथेच होतो. मला वाटलं, मामी आता तोफ डागतील. त्यांनी नुसती लग्नाची तारीख लिहून घेतली. वर्ग संपल्यावर म्हणाल्या, “जवाईबापू, त्या बंगलोरच्या पोरीले फोन लावून द्या. तिकडच्या लग्नात कसं बोलतात, ते मले तिच्याकडून लिहून पाहिजे.”

“तुमचं इंग्रजी काय वाईट आहे?”

“माझं चालते मले. पोरीच्या लग्नात बापाचं हसू झालं तं कोण भरून देईन?”

त्या पोरीने अगदी गुळगुळीत भाषण पाठवलं. ‘इट इज माय ग्रेट प्लेजर’ने सुरू होणारं आणि जिथे संपायला हवं तिथे न संपणारं. मामींनी तेच घोटून घ्यायला सुरुवात केली. ‘हॅव यू ईटन?’ बंद. ‘गो अँड कम’ बंद. गुड इव्हिनिंग, हाऊ आर यू, आय अॅम फाइन, गुडबाय. किमभाऊ पडद्यावर दिवसेंदिवस आक्रसत चालले. एकदा त्यांनी भीत भीत विचारलं, “टीचर, आर यू अँग्री विथ मी?” मामींनी ‘नो, नो’ म्हटलं, लॅपटॉप मिटला आणि पदराने त्याचं झाकण पुसत बसल्या. मला फार वाईट वाटलं. शेवटच्या वर्गाला किमभाऊंनी वाकून नमस्कार केला आणि शिकवल्याप्रमाणे ‘गुडबाय, टीचर’ म्हणाले. मामींचा हात अर्धवट वर झाला, पण त्यांनी दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर मंगळवार आणि शुक्रवारचे साडेचार रिकामे पडले. कंपनीने दुसरा विद्यार्थी देऊ केला, तो मामींनी घेतला नाही. एका मंगळवारी मी बियाण्यांच्या वसुलीला अमरावतीत होतो, तसाच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पुढे कोथिंबीर भरलेली सांभारवडी ठेवली आणि उघड्या लॅपटॉपकडे पाहत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “इंग्रजी शिकवलं का माणूस जाते, जवाईबापू. शाळेतल्या माझ्या साऱ्या हुशार पोट्ट्या गेल्या. कोणी पुण्याले, कोणी लंडनले. येतो बाई म्हणून गेल्या. या किमभाऊले तं मी येतो म्हणायलेही लावलं नाही.”

त्यांच्या फोनवर मागच्या आठवड्यात झालेल्या लग्नाची चित्रफीत आली ती तेवढ्यात. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. काळ्या कोटातले किमभाऊ उभे राहिले, खिशातून कागद काढला, ‘इट इज माय ग्रेट प्लेजर’पर्यंत आले आणि अडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. मामींनी माझं मनगट धरलं होतं, ते चांगलंच दुखायला लागलं. मग किमभाऊंनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जावयाकडे वळले.

“हॅव यू ईटन?” त्यांनी विचारलं.

जावई गोंधळून ‘नॉट येट, सर’ म्हणाला. लोक हसले, पण ते हसणं घरचं होतं. “ईट ऑन टाइम. बोथ,” किमभाऊ म्हणाले. मग मुलीकडे पाहत राहिले. “इन माय हाऊस, नोबडी से गुडबाय. यू गो अँड कम.” मुलगी उठून धावत आली. मागोमाग तिची सासूही डोळे पुसत उठली, ही गोरीपान, उंच बाई, आणि तिने किमभाऊंना मिठीच मारली. किमभाऊ तिच्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हते.

मामींनी माझं मनगट सोडलं. मग नाक ओढून म्हणाल्या, “कोट ढिला शिवला शिंप्यानं.”

मी चित्रफीत पुन्हा लावणार एवढ्यात लॅपटॉपची घंटी वाजली. साडेचार झाले होते. पडद्यावर बुसानला परतलेले किमभाऊ, मागे त्यांच्या दुकानातल्या तोट्या लटकलेल्या. मामी इतक्या गडबडल्या की चष्मा न लावताच बसल्या. आता लग्न झालं, मुलगी सासरी गेली, आता काय शिकायचं आहे, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“नथिंग,” किमभाऊ म्हणाले. “टीचर, आय केम.”

मामींना पुढचं इंग्रजी सुचेना. बाईंना इंग्रजी सुचत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. शेवटी मामींचा प्रश्न किमभाऊंनीच त्यांना विचारला, “हॅव यू ईटन?” मामींनी नाही म्हणून मान हलवली. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. सांभारवडीची ताटली मी हळूच त्यांच्यासमोर सरकवली आणि चपला घालून बाहेर पडलो. आपण कशाला मधे, असं वाटलं.

फाटकापर्यंत पोचलो नाही तोच आतून आवाज आला, “जवाईबापू, न सांगता चालले काय?”

मी परत आलो, खिडकीशी उभा राहिलो आणि म्हणालो, “येतो मामी.”

मामींचं तोंड वडीने भरलं होतं. त्यांच्या ऐवजी पडद्यावरून किमभाऊंनी मला हात केला. “गो अँड कम,” ते म्हणाले.

गेल्या वर्षभरात किमभाऊ इंग्रजी काडीचंही नवीन शिकलेले नाहीत. पण मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मामी त्या दिवशी दुपारी जेवत नाहीत, साडेचारला ते विचारेपर्यंत थांबतात.