भिंतीपलीकडचं घरचं माणूस

“देवीसमोर बसून तरी थापा मारू नका हो बाई!”

पांढरीपांडेकाकू पेटीवरचा हात उचलून ओरडल्या, तेव्हा माझ्या हातात प्रसादाची परात होती आणि तोंडात अर्धी गोष्ट. चौबे कॉलोनीतल्या आमच्या भजनी मंडळाच्या त्या अध्यक्षा. त्यांनी आवाज चढवला की खुंटीवरचे टाळ आपोआप वाजतात. मी नुकतंच सगळ्यांना सांगितलं होतं, की मला एचआयव्ही निघालं आहे. पण सांगितलं होतं माझ्या पद्धतीनं. रक्त काढताना सुई वाकली, तपासणीच्या यंत्राला घाम फुटला, आणि रिपोर्ट वाचून डॉक्टर जे बेशुद्ध पडले, ते त्यांच्या तोंडावर पाणी मारायला मलाच उठावं लागलं. बायका हसून हसून सतरंजीवर आडव्या झाल्या. शेवटी काकूही हसल्या. सगळ्यांनी माझ्या हातून शिरा घेतला, काहींनी तर मागून घेतला. खरं वाटलं असतं तर घेतला असता का, हे त्या देवीलाच ठाऊक.

मी गोष्ट वाढवून सांगते, हे मी कधी लपवलं नाही. मला त्याचा गर्वच आहे. नुसतं ‘साप निघाला’ म्हणणाऱ्या बाईच्या घरी कोणी चहाला थांबत नाही; माझ्या घरी लोक दुसऱ्या चहालाही थांबतात. पण त्या दिवशीची गोष्ट मी मुद्दाम वाढवली होती. बायकांचे चेहरे बदललेच, तर ‘अवं, गंमत केली’ म्हणून निसटायला वाट ठेवली होती. चेहरे बदलले नाहीत, आणि माझीच वाट बंद झाली. कारण त्यांच्यापैकी एक जण मला सोबतीला हवी होती. तिच्याशिवाय माझं औषध अडून बसलं होतं.

झालं होतं असं. रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन पाच-सात वर्षं झाली होती. रस्ता दिसेल तिथे खणलेला, आणि सगळ्या शहराची धूळ माझ्या एकटीच्या छातीत भरली आहे, असा खोकला मला लागला. ताप हटेना. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सरकारी दवाखान्यात गेले, तर तिथल्या नर्सदीदीनं थुंकी तपासली, ती साफ निघाली, म्हणून मला विचारून रक्तही तपासलं. मग दार लावून जवळ बसवून सांगितलं. डॉक्टर काही बेशुद्ध पडले नाहीत, ते बाजूच्या खोलीत एका लेकराचा कान बघत होते. माझे यजमान फिरतीच्या नोकरीत होते. ते गेले तेव्हा नेमकं काय झालं होतं, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. आता न सांगताच कळलं. त्यांच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग हार बदलला. माणूस गेलेला असला की भांडणात मजा नसते.

दीदी म्हणाली, “मोठ्या अस्पतालात आजच जा, चाची. गोळ्या फुकट मिळतात. रोज घेतल्या तर माणूस म्हातारं होऊन मरतं.” चिठ्ठीही दिली. मी मात्र आज गेले नाही, उद्याही नाही. आधी म्हटलं पितृपक्ष आहे, नवं काम सुरू करू नये. मग नवरात्र आलं, घट सोडून कुठे जायचं? मग दिवाळीचा चिवडा. माझ्यासारखी कारणं काढणारी बाई दिल्लीत असती, तर मंत्री झाली असती. खरं कारण वेगळं होतं. मी देवीशी सौदा मांडला होता. इतकी वर्षं तुझी भजनं गायली, आता हे तूच परस्पर मिटव, मला रांगेत उभं करू नको. देवी काही बोलली नाही. माझं वजन मात्र बोलायला लागलं. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

शेवटी एकदा मोठ्या अस्पतालात गेले. त्या दवाखान्याच्या दारावर आजाराचं नाव असल्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं, की पार तिकडे दूरच्या अभनपुरच्या बाजारातून वाचता यावं. खाली रांग. रांगेत पाठमोरा एक माणूस मला ओळखीचा वाटला. झालं, माझे पाय परस्पर वळले आणि शेजारच्या खिडकीवर जाऊन थांबले. ती डोळ्यांची होती. मी एचआयव्हीची गोळी आणायला गेले आणि चष्म्याचा नंबर काढून आले. पुढल्या खेपेला तो चष्मा लावूनच गेले, आणि लांबून पाहिलं तर मागच्या खेपेचा तो पाठमोरा माणूस पुन्हा रांगेत होता, आणि तो माझ्या ओळखीचा नव्हताच. आत गेले. समजावून सांगणारी मुलगी गोड होती. तिनं रक्त घेतलं, सगळं नीट समजावलं आणि म्हणाली, “अगली बार घर के किसी को साथ लाइए आंटीजी. दवा ज़िंदगीभर की है, सँभालनेवाला कोई चाहिए.”

घरचं कोण? माझा पोट्टा पुण्याला. फोन लावला आणि सुई वाकल्यापासून सुरुवात केली. तो म्हणाला, “आई, फिर शुरू हो गई तू? मीटिंग में हूँ.” त्याचा दोष नाही. एकदा पायात खिळा गेला होता, तर मी त्याला पाय कापल्याचं सांगितलं होतं, तो धावत आला आणि मी अंगणात सडा घालत होते. मग उरलं मंडळ, आणि मंडळाचं काय झालं ते वर सांगितलंच.

तर त्या संध्याकाळी रिकामी परात घेऊन मी घरी आले. दिवा लावला. एरवी आरती म्हणते ती चार घरांना ऐकू जाते, पण त्या दिवशी आरती सुचली नाही. सौदा नाही, नवस नाही. देवीसमोर उभी राहिले आणि एवढंच बोलले, “मले एचआयव्ही आहे. संग यायला कोणी नाही. मले भेव वाटते.” आणि वात सारखी केली.

वात नीट करून हात पुसते न पुसते, तोच दाराशी कोणी खाकरलं. सुजाताताई. आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधली भिंत एकच. नागपूरकडच्याच, रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या. बुद्धाला वंदन करतात, बाकी कोणाला नाही. देवीला नाही, आणि माझ्या गोष्टींना तर मुळीच नाही. इतकी वर्षं माझ्या ओट्यावर भाजी निवडत बसून त्यांनी माझ्या गोष्टी कापल्या आहेत. मी पाच हाताचा साप म्हटलं की त्या मान वर न करता म्हणणार, “मागच्या खेपेले तीन हाताचा होता.” माझ्या कित्येक वाघांची त्यांनी मांजरं करून टाकली. मला वाटलं, मंडळातला किस्सा कोणीतरी यांच्यापर्यंत पोचवला, आता त्याही कापायला आल्या.

त्या उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, “उद्या किती वाजता जायचं?”

मी म्हटलं, “कुठं?”

“दवाखान्यात. भिंतीतून आईकू आलं मले. नाश्ता करून घ्या सकाळी, रांगेत चक्कर येईल.” आणि निघाल्याही.

सकाळी छत्री आणि डबा घेऊन दारात हजर. टपोऱ्या अक्षरांखाली आल्यावर माझे पाय सवयीनं डोळ्यांच्या खिडकीकडे वळले, तर त्यांनी कोपराला धरून सरळ केलं. आतल्या मुलीनं त्यांना विचारलं, “आप इनकी कौन लगती हैं?” सुजाताताई म्हणाल्या, “हव, घर की हूँ. दीवार एक है.” ती मुलगी हसली, आणि पुढचं सगळं समजावलं ते आम्हा दोघींना. गोळी कधी, जेवण कधी, उलटी झाली तर काय करायचं. त्यांनी सगळं डोक्यात घेतलं. मला काही आठवत नाही, मी रडत होते. परतताना त्यांनी पुण्याला फोन केला. त्या काय बोलल्या माहीत नाही, एकच वाक्य असावं. पोट्टा मिळेल त्या गाडीनं आला आणि माझ्या हातांकडे बघत बसला.

आज मी तुमच्यासमोर छाती काढून बसले आहे. गोळी चुकली नाही. बांगड्या मनगटावर उतरल्या, आता तर निघतच नाहीत. मोठ्या डॉक्टरीणबाई माझा रिपोर्ट बघून म्हणाल्या, असं रक्त सगळ्या छत्तीसगडात नाही, याचा फोटो भिंतीवर लावला पाहिजे. (सुजाताताई शेजारी होत्या. त्यांच्या मते डॉक्टरीण ‘ठीक है’ म्हणाल्या.) गोळ्या आणायला जाते तेव्हा मी रांगेत जरा लवकरच उभी राहते. दारावरची अक्षरं वाचून ज्यांचे पाय वळतात, त्यांना मी पाठीवरून ओळखते. डोळ्यांच्या खिडकीवर पोचायच्या आत गाठते, आणि म्हणते, “चष्मा मंग घे बाप्पा, आधी इकडं चल.” त्यातली किती तरी माणसं आज ठणठणीत आहेत. मंडळाला मी माझी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, तीही खरी. पण त्या म्हणतात, “बाई, तो डॉक्टर बेशुद्ध पडल्याचा किस्सा सांगा.” सांगते. शिरा संपतो.

देवी आली का, मला विचाराल तर मी वाद घालणार नाही. मी देवीशी बोलले आणि ऐकलं ते देवीला न मानणाऱ्या बाईनं, एवढं मात्र घडलं. आता तिच्या डोळ्यांकडे पाहिलं की वाटतं, ती म्हणत असेल, मी भिंत पातळ ठेवली होती, आवाज तू करायचा होतास. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून पडून राहणं, असं मी जन्मभर समजत होते. कोपराला कोणी धरलं की हात झटकायचा नाही, त्याला मी आता शरण जाणं म्हणते. रोज जेवल्यावर गोळी तळहातावर घेते, तिला नमस्कार करते आणि घेते. तेवढं माझं भजन.

परवा ओट्यावर वाटाणे सोलत बसलो होतो. मी सुजाताताईंना विचारलं, “इतकी वर्षं तुमी माह्या एकाही गोष्टीवर भरोसा ठेवला नाही. मंग त्या दिवशी भिंतीतून आईकलेली गोष्ट खरी काहून वाटली?”

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली, आणि म्हणाल्या, “लहान होती.”