पांढऱ्या चादरीवरची भामा

भामा एका जागी बसलेली अंबरपेठेत कुणी पाहिली नव्हती. भजनाला आली तर दाराशी उभी, लग्नाला गेली तर पंगतीत वाढायला पुढे, आणि नोकरीच्या सरकारी कचेरीत तर बाईंची खुर्ची सदा रिकामी. नवरा दिगंबर तिला कौतुकानं भिंगरी म्हणे. आता या भिंगरीच्या अंगात फिरायचं त्राणच उरलं नव्हतं, हे कुणाला सांगणार? पाळी आली की नळ सुटावा तसं रक्त जायचं. साडीला मागं डाग पडला का ते बघायला ती उठायची, आणि लोक हसायचे. पांढरी चादर अंथरलेली बैठक दिसली की ती दाराशीच थांबायची. फिक्या रंगाची साडी घेणं तर तिनं केव्हाच सोडलं होतं.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. कर्करोगाची नव्हे, साधीच, पण चांगली मोसंबीएवढी. घरात बातमी फुटली आणि जो तो डॉक्टर झाला.

"पिशवी काढून टाक अन् मोकळी हो," नणंद इंदुताई म्हणाली. "दोन लेकरं झाली, आता काय लोणचं घालतीस तिचं?"

गल्लीतल्या दवाखान्यानं तर ऑपरेशनची तारीखही देऊन टाकली.

भामाला ते पटेना, कारण तिच्या डोळ्यांसमोर गंगूअक्का होती. तिची थोरली बहीण. काही वर्षांपूर्वी, ऐन पस्तिशीत, अशाच गाठीपायी अक्काची पिशवी काढली, सोबत अंडाशयंही. पाठोपाठ अंगातून वाफा निघू लागल्या, झोप उडाली, हाडं दुखू लागली. बघता बघता अक्का आईच्या वयाची दिसायला लागली. भामाला अक्कासारखं व्हायचं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपोटी ती भांड्यांवर, लेकरांवर, सगळ्यांवर चिडत होती.

त्याच दिवसांत राज्याचे दोन भाग झाले. कचेरीत कपाटं वाटली जात होती, माणसंही. तेलंगण की आंध्र, असं एकेकाला विचारणं चालू होतं. भामाच्या चार पिढ्या इथेच गेलेल्या. तिनं तेलंगण सांगितलं आणि संध्याकाळी घरची बस धरली. बसमध्ये तिचं डोकं सणकलं. सरकारसुद्धा विचारतं, कुठलं राज्य हवं. मग माझ्याच पोटाचं मला कुणीच कसं विचारत नाही?

ती मधेच हिमायतनगरला उतरली आणि पाटी बघून एका डॉक्टरीणबाईंकडे शिरली.

बाईंनी रिपोर्ट पाहिले. "दुर्बिणीतून नुसती गाठ काढता येते. नाहीतर जांघेतून बारीक नळी घालून गाठीला जाणारं रक्त बंद करता येतं. गाठ महिन्या-महिन्यानं आक्रसते. सुरुवातीला दुखतं, खोटं नाही सांगत. कधी पुन्हा इलाज लागतो. आणखी मूल हवं असेल तर मात्र नळी नको. बोला अम्मा, तुम्हाला काय हवंय?"

भामाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मूल नको. नळी करा," ती म्हणाली.

दिगंबर घरी वैतागला. "नक्को ती नवी झंझट! काही झालं तर?"

"झालं तर मलाच होईल ना? हौ म्हणा अन् चला सोबत."

तो गेला सोबत. नळीनंतर पोटात असं काही पिळवटलं, की भामानं डॉक्टरीणबाईंना, इंदुताईला आणि दोन्ही राज्यांना एकदमच शिव्या घातल्या. पण पुढच्या पाळ्या हळूहळू कमी होत गेल्या.

दत्तजयंतीच्या भजनाला ती मोतिया रंगाची साडी नेसून आली आणि पांढऱ्या चादरीवर अगदी मधोमध बसली.

"आज भिंगरी फिरंना गं!" इंदुताई हसली.

शेजारी गंगूअक्का गुडघा चोळत होती. टाळांच्या आवाजात ती भामाच्या कानाशी वाकली. "ती नळी माझ्या वेळी होती का गं?"

भामानं ते डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलं होतं. आता खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "होती, अक्का."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

भामाला तिथून उठून पळावंसं वाटलं. साडीला डाग नव्हता, उठायला काही निमित्तच नव्हतं. तिनं अक्काचा हात हातात घेतला आणि आरती होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.