सरपंचांची लांबची वाट

श्रावणात डब्याचं झाकण उघडलं की खाऱ्या बांगड्यांचा वास घरभर होतो आणि मला आईची पाटी आठवते. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असत, तेव्हा आई देवळाच्या वाटेवर तिठ्याला बसून सुकी मासळी विकायची. आमचे सरपंच कडक सोवळ्याचे, पक्षही धर्म-परंपरा मानणारा. रोज सकाळी उपरण्याने नाक झाकून ते तिच्यासमोरून देवळात जायचे. त्यामुळे त्यांच्याच कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत श्रावणापुरती तिठ्यावरची मासळी बंद करायचा ठराव आणला, तेव्हा आईने माझा हात घट्ट धरला. सरपंच उठले. "श्रावण मी पाळतंय, ही पाळणा नाय," ते म्हणाले. "वास माका सोसणा नाय, तर वाट मी बदलतंय. ही खंय जातली?" मग ठरावाच्या बाजूने एकही हात वर गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते शेतांच्या बांधांवरून, लांबच्या वाटेने देवळात जाऊ लागले. पोहोचेपर्यंत पाय चिखलाने भरलेले असत. आज मी ग्रामपंचायतीत आहे, तेही त्यांच्या विरोधी पक्षातून. कुठल्याही ठरावावर हात वर करण्याआधी मला ते पाय आठवतात.