चौथा सिलिंडर

चौथ्या सिलिंडरचा काटा वर सरकेना. गेज काढून पुन्हा लावलं. तेच. पिस्टन वर येतो तेव्हा सिलिंडरमधली हवा किती दाबली जाते, ते हे गेज दाखवतं. हवा दाबली गेली नाही तर पेट्रोल पेटत नाही. बाकीचे तीन सिलिंडर वयाच्या मानाने ठीक होते.

"वॉल्व्ह गेले असतील, ताई," सुधाकरशेठ म्हणाले. रत्नागिरीत त्यांच्या मच्छीमार बोटी आहेत आणि बोटींची इंजिनं माझ्याच वर्कशॉपला यायची. ही जुनी रेसकार मात्र त्यांच्या थोरल्या भावाची. भाई तरुणपणी स्वतः तिचं इंजिन बांधायचे आणि स्वतःच रेसमध्ये पळवायचे. आता अर्धांगवायूने अंथरुणावर. वाचा गेलेली, कान शाबूत. डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"एकदा त्याच्या खिडकीखाली चालू करून द्या," एवढंच शेठचं काम होतं.

हेड खोललं. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. इंजिन थंड ठेवणारं पाणी त्याच्या आतून फिरतं. हे ॲल्युमिनियमचं होतं. पाण्याच्या वाटा पांढऱ्या भुकटीने भरलेल्या. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ चौथ्या सिलिंडरच्या बाजूला निघाला.

"शेठ, यात कुठलं पाणी घालत होता?"

"खाडीचा. रेडिएटर गळायचा ना. दर दसऱ्याला पूजा झाली की बोटीचा पंप लावून थोडा वेळ चालवायचो. इंजिन जाम व्हायला नको म्हणून."

"आणि नंतर?"

"नंतर काय? हार घालून झाकून ठेवायचो. बोटींना चालता की खारा पाणी!"

बोटीचं इंजिन खाऱ्या पाण्याच्या हिशोबानेच बनवलेलं असतं. हे नव्हतं. शिवाय इथे ते पाणी वर्षभर आत साचून राहायचं.

वेल्डिंग करून पाहिलं. धातूत मीठ मुरलं होतं, वेल्ड धरेना. दुसरं हेड कुठेच मिळालं नाही. शेवटी भोक इपॉक्सीच्या लेपाने बुजवलं, कार्बोरेटर साफ केले, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, लावून घेतलं.

"पाण्याशिवाय चालवणार. अर्धं मिनिट, जास्त नाही," मी म्हटलं.

"चालेल. पण भाईला त्या पाण्याचं सांगू नका हां."

"आपणहून नाही सांगणार. विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"तो काय विचारतोय आता!"

भाईंना उशांना टेकवून खिडकीशी बसवलं होतं. मी स्टार्टर मारला. इंजिन दणक्यात सुरू झालं. शेठच्या डोळ्यांत पाणी. भाईंनी चांगला हात वर केला. तीन बोटं.

"बघा, ओळखलंन!" शेठ ओरडले.

मी इंजिन बंद केलं. इपॉक्सीने जागा सोडली होती. तीनच सिलिंडर चालत होते आणि ते भाईंनी आवाजावरून सांगितलं होतं.

भाईंनी माझ्याकडे बघून पंजा उलटा केला. काय झालं?

"म्हातारा झाला रे इंजिन," शेठ घाईने म्हणाले.

पंजा तसाच माझ्याकडे.

"हेड गेलंय," मी म्हटलं. "खाऱ्या पाण्याने."

त्या घरात खाऱ्या पाण्याचे पंप एकाच माणसाचे होते. भाईंनी शेठकडे पाहिलंही नाही. मान भिंतीकडे वळवली.

"भाई, जाम होऊ नये म्हणूनच रे... भाई!"

मान वळली नाही.

गणपतीच्या आधी भाई गेले. शेठच्या बोटींची इंजिनं आता दुसऱ्या वर्कशॉपला जातात. गाडी झाकलेलीच आहे.

ॲल्युमिनियमच्या इंजिनात खारं पाणी गेलंच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण निथळू द्या. हार त्यानंतर घाला.